आतली कडी

बी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा : मास्लोची गरजांची श्रेणी सोदाहरण स्पष्ट करा. आम्ही पट्टीने त्रिकोण आखायचो. तळाशी अन्न, पाणी, झोप, त्याच्यावर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग प्रतिष्ठा, आणि अगदी टोकाला आत्माविष्कार. पैकीच्या पैकी गुण मिळायचे. मास्लोने हा विचार मांडला तो १९४३ च्या एका निबंधात, आणि त्या निबंधात त्रिकोण नव्हताच, तो पुढे दुसऱ्यांनी काढला, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्या निबंधात सुरक्षिततेबद्दल बोलताना मास्लो आधी लहान मुलाकडे पाहतो. घरातला नेम चुकला, मोठ्यांचे वागणे आज एक आणि उद्या एक असे झाले, अन्याय झाला, की मुलाला सारे जगच बेभरवशाचे वाटू लागते, असे त्याचे म्हणणे. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या हातात पेपर तपासायची लाल शाई होती आणि समोर आठवीच्या वह्या.

जोगेश्वरीकडच्या वस्तीतली मुले शिकवणारे आम्ही. माध्यम उर्दू. एकदा निबंधाला विषय दिला, ‘वो जगह जहाँ मुझे डर नहीं लगता’. बहुतेकांनी लिहिले घर. काहींनी आजीची कूस, नानीचे गाव, मशिदीचे अंगण, क्रिकेटचे मैदान. एका मुलीने दोनच वाक्ये लिहिली होती. त्यांचा अर्थ असा : मला मोरीत भीती वाटत नाही. आमच्या मोरीला दार आहे आणि दाराला आतून कडी आहे.

त्या दोन वाक्यांपुढे बरोबरची खूण करावी की लाल रेघ ओढावी, आम्हाला समजेना. वही तशीच बाजूला ठेवली. पण तेव्हापासून आपल्या साहित्याकडे बघण्याची आमची नजर बदलली, ती का आणि कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपण जी भाषा जगतो तिच्यात सुरक्षिततेला शब्दांची वाण नाही. भेटलो की पहिला शब्द सलामतीचा. ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणजे तुमच्यावर शांती असो, तुम्ही सुखरूप असा. ‘ईमान’, ‘अमन’ आणि ‘अमानत’ हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून आले. ज्याच्या हाती आपली वस्तू निर्धास्त सोपवता येते तो अमीन. यातलाच ‘अमानत’ मराठीत येऊन ‘अनामत’ झाला आणि बँकेत जाऊन बसला. ‘खैर’ही मराठीत आला, पण बोलण्यात तो बहुधा धमकीपुरताच उरला : ‘आता तुझी खैर नाही.’ शब्दाने भाषा बदलली आणि अर्थाने बाजू बदलली. याची आम्हाला गंमत वाटते, आणि थोडे वाईटही वाटते. दिवसातून वीस वेळा एकमेकांना सुखरूप असा म्हणणाऱ्या समाजाच्या लेखनात सुखरूप माणूस कितीदा भेटतो, हा प्रश्न त्यातूनच सुचतो.

सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपले वेगळे व्यासपीठ हवे, आपले जगणे आपण लिहावे, ही त्यामागची भूमिका होती. दोनच वर्षांत डिसेंबर १९९२ उजाडला, आणि मग जानेवारी १९९३. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात मुंबईतल्या मृतांची संख्या ९०० नोंदवली आहे : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर. आमच्या वयाची माणसे तेव्हा कडेवर होती. आम्हाला त्या दिवसांतले एकच दृश्य आठवते, तेही कदाचित पुढे ऐकून ऐकून तयार झालेले असेल. दाराला आतून कडी, आणि कडीवर भरवसा नाही म्हणून दाराला टेकवून ठेवलेला पाटा. त्या दिवसांत आमच्या घरी मसाला वाटला गेला नाही.

तेव्हापासून आपली कविता आणि कथा त्या दाराशी उभी आहे. जळते दुकान, कर्फ्यू, पोलिसांची गाडी, ओळख विचारणारा जमाव, पुसलेली पाटी. हे लिहिणे आवश्यक होते. जे झाले त्याची साक्ष साहित्याने दिली नसती तर ती अहवालाच्या पानांतच राहिली असती. पण या लेखनाचा मोठा भाग वाचताना एक गोष्ट खटकते. धोका नेहमी दाराबाहेर असतो. दाराच्या आत जे कोणी आहेत ते सगळे एकजीव, एकसारखे घाबरलेले आणि एकसारखे निष्पाप असतात. घर म्हणजे सुरक्षितता हे गृहीतच धरलेले असते. आमच्या विद्यार्थिनीने मात्र घराच्या आतही एक कडी शोधली होती.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी ठरवली. कलाकृती समोर आली की दोन गोष्टी बघायच्या. एक, कडी कोणत्या बाजूने आहे? दोन, त्या दाराआड जे सर्वांत लहान, सर्वांत दुबळे माणूस आहे त्याला बोलता येते का? ही काही समीक्षाशास्त्रातली कसोटी नव्हे, वर्गातली आहे. पण तिने काही जुन्या कृती आम्हाला पुन्हा वाचायला लावल्या.

पहिली कृती पुस्तक नाही, चित्रपट आहे. सईद अख्तर मिर्झा यांचा ‘नसीम’ १९९५ मध्ये आला. काळ जून ते डिसेंबर १९९२, ठिकाण मुंबई. शाळेत जाणारी नसीम (मयूरी कांगो) आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. आजोबांच्या भूमिकेत प्रत्यक्ष कैफी आझमी. बाहेर वातावरण तापत चालले आहे, घरातल्या टीव्हीवर अयोध्या आहे, भावाचा मित्र चिडलेला आहे. आणि आजोबा नातीला स्वातंत्र्यापूर्वीच्या आग्ऱ्याच्या गोष्टी सांगत आहेत. पाकिस्तानात का गेला नाहीत, या प्रश्नाला आजोबांचे उत्तर फार साधे आहे : अंगणातले एक झाड बायकोला आवडायचे. ६ डिसेंबरलाच आजोबा जातात.

हा चित्रपट आम्हाला थोर वाटतो, कारण त्यात सुरक्षितता प्रत्यक्ष दिसते. ती भिंतीत नाही, पोलिसांत नाही, आजोबांच्या आवाजात आहे. रोज त्याच वेळी, त्याच पलंगाशी, तोच आवाज. मास्लोच्या निबंधातल्या मुलाला जो नेम लागतो तो हाच. देशात काहीही होवो, शाळेतून आल्यावर आजोबा आहेत. असे आजोबा नाहीसे होतात तेव्हा काय कोसळले हे समजायला घुमट दाखवण्याची गरज उरत नाही. तरीही आमची दुसरी कसोटी लावली की थोडे अडखळायला होते. नसीम बहुतेक वेळ ऐकते. तिला काय वाटते ते आपण तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. आजोबा गेल्यावर ही मुलगी कोणापाशी बोलेल? चित्रपट तिथे संपतो. आमच्या वर्गात मात्र नसीम दुसऱ्या दिवशी येऊन बाकावर बसते.

दुसरी कृती नारायण सुर्वे यांची ‘शीगवाला’ ही कविता. सुर्व्यांविषयी वेगळे सांगायला नको. रस्त्यावर सापडलेले मूल, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले आणि आपले नाव दिले. सुरक्षितता म्हणजे कोणीतरी उचलून घेणे, हे या कवीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ‘शीगवाला’ कवितेत एक मुसलमान खाटीक, दाऊद चाचा, आपल्या मराठी-उर्दू मिसळलेल्या मुंबईच्या बोलीत फाळणीच्या वेळच्या दंगलीची हकिगत सांगतो. जमावाने एका बाईला घेरलेले असते. जमाव त्याच्याच धर्माचा, बाई दुसऱ्या धर्माची. तो मध्ये पडतो, तिला आई म्हणतो, आणि त्याची किंमत स्वतःच्या शरीराने मोजतो.

आपल्या संमेलनांतून ही कविता सलोख्याची कविता म्हणून गौरवली जाते. ती तशी आहेच. पण आम्हाला तिचे मोठेपण थोड्या वेगळ्या जागी दिसते. दाऊद चाचा बाहेरून आलेल्या शत्रूशी लढत नाही, आपल्याच लोकांसमोर उभा राहतो. जमावाला तो परका नाही, ओळखीचा आहे, म्हणून त्याचे आडवे येणे जमावाला जास्त झोंबते. दुसऱ्याला सुरक्षित करायचे तर स्वतःच्या माणसांतली सुरक्षितता पणाला लावावी लागते, हे या कवितेचे कठोर म्हणणे आहे. टाळ्या वाजवताना आपण ते ऐकतो का, याची शंका येते.

शंका येण्याचे कारण आमच्या शाळेपासून फार दूर नाही. ८ जानेवारी १९९३ च्या मध्यरात्रीनंतर जोगेश्वरी पूर्वेच्या राधाबाई चाळीत एका हिंदू कुटुंबाच्या खोलीला बाहेरून कडी लावून आग लावण्यात आली. सहा माणसे मेली. त्यांत एक अपंग मुलगी होती. या घटनेचे नाव घेऊन पुढे शहरभर जो सूड उगवला गेला त्याविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि ते बोलणे रास्त आहे. पण त्या खोलीविषयी बोलताना आपला आवाज खाली जातो. बाहेरून लावलेल्या त्या कडीवर आपल्यापैकी कोणी कविता लिहिली? आम्ही शोधली. आमच्या वाचनात आली नाही. आपल्यावर जे झाले ते सांगणे हा आपला हक्क आहे. आपल्या वस्तीत जे झाले ते सांगणे हे दाऊद चाचाचे काम आहे. पहिल्यासाठी आपल्याकडे बरेच कवी आहेत.

तिसरी कृती उर्दूतली, राजिंदर सिंह बेदी यांची ‘लाजवंती’ ही कथा. फाळणीनंतर पळवून नेलेल्या बायका परत येऊ लागल्या. घरचे त्यांना दारात उभे करेनात. सुंदरलाल नावाचा माणूस अशा बायकांना पुन्हा मानाने घरात घ्यावे म्हणून वस्तीत फेऱ्या काढतो. त्याची स्वतःची बायको लाजवंतीही नाहीशी झालेली आहे. पूर्वी तो तिला मारायचा. एक दिवस ती सापडते, घरी येते. तो तिला मारत नाही, टाकत नाही, उलट देवी म्हणतो. फक्त एक गोष्ट करत नाही. तिकडे काय झाले हे ती सांगू लागली की ऐकत नाही. झाले गेले विसरून जा, म्हणतो. लाजवंती घरात येते आणि घरातच उजाड होते.

ही कथा आम्ही अनेकदा वाचली आहे, आणि प्रत्येक वेळी ती आणखी भयंकर वाटते. लाजवंतीला काय कमी आहे? डोक्यावर छप्पर आहे, पोटाला अन्न आहे, मार बंद झाला आहे, मान आहे. त्रिकोणाच्या खालच्या दोन पायऱ्या भक्कम आहेत. तरी ती सुरक्षित नाही, कारण तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट ऐकून घेणारे कोणी नाही. शरीर घरात आले, बाई बाहेरच राहिली. शारीरिक सुरक्षितता आणि मनाची सुरक्षितता या एकावर एक रचलेल्या विटा नाहीत, हे बेदींनी जितके स्पष्ट दाखवले तितके आमच्या कुठल्या पाठ्यपुस्तकाने दाखवले नाही. आणि आणखी एक. सुंदरलाल दुष्ट नाही. तो चळवळीतला, भला, सुधारक माणूस आहे. ऐकून न घेण्यासाठी दुष्ट असावे लागत नाही.

इथून आम्ही आपल्या मराठीत परततो. ‘नसीम’ ज्या वर्षी आला त्याच वर्षी, १९९५ मध्ये, मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. हमीद दलवाई यांच्याशी आपल्यातल्या अनेकांचे भांडण आहे, आमचेही काही ठिकाणी आहे. ते भांडण इथे बाजूला ठेवू. ‘इंधन’ या १९६५ च्या कादंबरीत दलवाईंनी एक आजारी माणूस विश्रांतीसाठी कोकणातल्या आपल्या गावी आणला आणि ज्या गावात विसावा मिळावा तेच गाव त्याच्या डोळ्यांदेखत पेटताना दाखवले. घरीच आसरा नाही, ही दलवाईंची ठसठस. पण घराच्या आतली हकिगत त्यांच्या पत्नीने सांगितली, आणि ती अधिक साध्या शब्दांत सांगितली.

त्यांचा विवाह १९५६ मध्ये झाला. प्रथम रीतीप्रमाणे निकाह, आणि साधारण महिन्याने पुन्हा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी. दुसऱ्यांदा लग्न कशाला, असे कोणालाही वाटेल. आम्हाला या पुस्तकातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. निकाहाने घर मिळाले. नोंदणीने ते घर एका दमात उच्चारलेल्या तीन शब्दांनी काढून घेतले जाणार नाही, याची हमी मिळाली. पुढे १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम महिलांचा मोर्चा गेला, त्यातली एक प्रमुख मागणी हीच होती. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला आणि २०१९ मध्ये त्यावर कायदा आला. या कायद्याच्या हेतूंविषयी, नवऱ्याला तुरुंगात धाडण्याच्या तरतुदीविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. पण मोर्च्यापासून निकालापर्यंत मध्ये गेलेली एक्कावन्न वर्षे आपल्या लेखनात कुठे आहेत, हा प्रश्न मतभेदाच्या पलीकडचा आहे. ज्या घराची कडी केव्हाही एका माणसाच्या जिभेवर असते, त्या घरात राहणारी बाई दंगलीच्या दिवशीच तेवढी असुरक्षित नसते. ती ईदच्या दिवशीही असुरक्षित असते.

मेहरुन्निसा यांच्या निवेदनात अलंकार नाहीत. नवरा चळवळीत, संसार नोकरी करून चालवायचा, नातलगांचे रुसवे, मग नवऱ्याचे दीर्घ आजारपण. बाई सांगते आणि सांगत जाते. कुठे कुठे पुनरुक्ती होते, तपशील विस्कळीत होतात, वाङ्मयीन दृष्टीने त्रुटी काढायच्या तर निघतील. पण आमच्या दुसऱ्या कसोटीवर हे पुस्तक ‘लाजवंती’चे उत्तर आहे. इथे बाई बोलते, आणि तिचे बोलणे कोणी तोडत नाही.

‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक आम्हाला वेगळ्या कारणाने जवळचे. लेखक अब्दुल वाहिद शेख मुंबईतले शाळाशिक्षक, म्हणजे आमच्याच पेशातले. उपनगरातल्या माणसाला २ डिसेंबर २००२ ची घाटकोपरची बस, १३ मार्च २००३ ची मुलुंडची लोकल आणि ११ जुलै २००६ ची संध्याकाळ विसरता येत नाही. त्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, जोगेश्वरी, मीरा रोड, बोरिवली ही नावे त्यात होती, १८० हून अधिक माणसे गेली. डब्यात सगळ्याच धर्मांचे प्रवासी होते आणि दुसऱ्या दिवशी सगळेच पुन्हा त्याच गाडीने कामावर गेले. त्या खटल्यात शेख यांना अटक झाली, आणि नऊ वर्षे तुरुंगात काढल्यावर २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. उरलेल्या १२ जणांना त्या वर्षी शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला.

हे पुस्तक कोठडी, जबाब, चाचण्या, कलमे यांनी भरलेले आहे. पुढे कोणावर अशी वेळ आली तर काय करावे, हे एखाद्या शिक्षकाने धडा समजावून द्यावा तसे लेखक समजावतात. त्यात भावना कमी दिसतात, अशी तक्रार आम्ही एका चर्चेत ऐकली. आम्हाला ती पटली नाही. ज्याचा प्रत्येक शब्द त्याच्याविरुद्ध वापरला जाण्याची भीती होती, तो माणूस आधी पुरावा बोलेल, मग मन. मन बोलायला सुरक्षितता लागते. पुस्तकातली कोरडी जागा ही लेखकाची उणीव मानण्यापेक्षा त्या वर्षांची खूण मानावी. मात्र त्या स्फोटांत ज्यांची माणसे गेली आणि ज्यांना एवढ्या वर्षांनंतर गुन्हेगार कोण याचे उत्तरही मिळाले नाही, त्यांचे दुःखही याच गाडीतले आहे. त्या दोन्ही घरांना एकाच पुस्तकात बसवणारा लेखक अजून यायचा आहे.

आता वस्तीविषयी. १९९३ नंतर उपनगरांतून कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली, मीरा रोडच्या नया नगरला गेली, अंधेरीच्या मिल्लत नगरला, जोगेश्वरीत गेली. काही भीतीने गेली, काहींना दुसरीकडे नाव सांगितल्यावर खोली मिळेना म्हणून गेली. आजही घर शोधणाऱ्या आपल्या तरुणांना हा अनुभव येतो. आपल्या माणसांत रात्री झोप लागते, ही या वस्त्यांची मोठी देणगी आहे आणि बाहेर राहून तिला नावे ठेवणे सोपे आहे. पण वस्तीची कडी आतून आपण लावली की बाहेरून कोणी, हे दिवसेंदिवस ओळखू येईनासे होते. आमच्या वर्गातल्या काही मुलांना शेजारी म्हणून एकही हिंदू घर माहीत नाही. भिवंडी १९७० आणि १९८४ मध्ये जळाली होती. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना ती शांत राहिली. तिथे १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. त्यांचे ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक कोणी ललित म्हणून वाचत नाही. पण त्यातला मुद्दा कथाकारांनी मनावर घ्यावा असा आहे : दोन्हीकडची माणसे दंगल नसताना नेमाने भेटत राहिली, म्हणून अफवेच्या दिवशी विचारायला ओळखीचे कोणी होते. आजोबांचा तो नेम आणि समितीची ही बैठक एकाच कुळातली.

आमच्या या मांडणीवर एक आक्षेप येईल, त्याची आम्हाला कल्पना आहे. बाहेर एवढे वादळ असताना घराच्या आतल्या कड्या दाखवू नयेत, घरची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत, विरोधकांच्या हातात कोलीत मिळते. हे म्हणणारे आमचे वडीलधारे आहेत आणि त्यांनी जे सोसले ते आम्ही सोसलेले नाही. त्यांना आदराने एवढेच सांगावेसे वाटते की विरोधकांना कोलीत शोधायला आपल्या कथेची गरज पडत नाही. गरज आहे ती आपल्याच मुलींना. सगळे जग बाहेर शत्रू आहे म्हणून घरात गप्प बस, असे जिला सांगितले जाते, तिच्यासाठी ते गप्प बसणे ही बाहेरून लावलेली कडीच असते. सुंदरलालही लाजवंतीला विसरून जा असेच म्हणाला होता.

मुस्लिम मराठी साहित्याने दंगलीचे दार लिहिले. आता दाराच्या आतली खोली लिहावी. तिथे भीतीच असेल असे नाही. तिथे आजोबांचा आवाज असेल, शेजारणीची वाटी असेल, दाऊद चाचा असेल. पण खोली लिहायची तर खोलीतल्या सगळ्यांना बोलू द्यावे लागेल.

त्या वहीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही लाल शाई वापरली नाही. शिसपेन्सिलीने एवढेच लिहिले : ‘और लिखो.’ मग मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून विचारले. मनात नको नको ते आले होते आणि शिक्षक म्हणून विचारणे कर्तव्यही होते. ती सहज म्हणाली, “टीचर, बाहर सब लोग रहते हैं ना. मोरी में मैं ज़ोर से पढ़ती हूँ. कोई हँसता नहीं.”

दहा बाय बाराची खोली, आठ माणसे, आणि मोठ्याने वाचणारी एक मुलगी. आम्हाला ज्याची भीती होती ते नव्हते, याचा सुस्कारा टाकला. पण घरी जाताना गाडीत तो सुस्कारा फार टिकला नाही. जिला आपला आवाज ऐकण्यासाठी कडी लावून घ्यावी लागते, ती सुरक्षित आहे असे म्हणायचे की नाही? आठवड्यातून एक तास आम्ही आता वर्गात मोठ्याने वाचायला ठेवला आहे. नियम एकच, वाचताना कोणी हसायचे नाही. पहिले तीन आठवडे ती उभी राहिली नाही. चौथ्या आठवड्यात राहिली.

वर्गाचे दार त्या वेळी उघडे होते.